पाळण्यातला आठवा नग

पाळणा विकायचा असं बुधवारी सकाळी ठरलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत उत्तमराव खारकरांनी त्या विक्रीचे अकरा नियम फुलस्केप कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलेसुद्धा. पाळणा एकच होता. सागवानी, पितळी कड्यांचा, सान्वी या नातीसाठी हौसेने घेतलेला. सान्वी आता सहा वर्षांची झाली होती आणि पाळण्यात गेली चार वर्षं कलावतीबाईंच्या पापडांचे डबे झोपत होते. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत डब्यांनी इतक्या ऐसपैस झोपावं हे काही बरं नव्हे, म्हणून मुलीनेच, संचिताने, जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर पाळण्याचा फोटो टाकून दिला आणि ती ठाण्याला आपल्या घरी निघून गेली. पुढचं निस्तरायला उत्तमराव होतेच.

उत्तमरावांनी चौतीस वर्षं आंबिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं होतं. तिथे सही घेतल्याशिवाय त्यांनी कुणाला खिळा दिला नाही. एकदा तर मॅनेजरच्या टेबलाचा पाय मोडला तेव्हा त्यांनी आधी जुना पाय जमा करून घेतला, मग नवा दिला. मधली वीस मिनिटं मॅनेजर टेबल हाताने धरून उभा होता. असा माणूस फसणं शक्य नाही, असं सगळी सोसायटी म्हणायची.

आणि तो फसला होता. गेल्या वर्षी सोफा विकताना. समोरचा फार गोड बोलत होता. "काका, पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असं तो म्हणाला. उत्तमरावांनी टाकला. पैसे आले नाहीत, म्हणून त्याच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा टाकला. साडेअकरा हजार गेले आणि सोफा घरीच राहिला. तेव्हापासून उत्तमराव त्या सोफ्यावर बसत नाहीत, समोरच्या वेताच्या मोड्यावर बसून त्याच्याकडे बघत चहा पितात.

कलावतीबाईंनी त्या दिवशी एका शब्दाने नवऱ्याला बोल लावला नाही. त्यांनी फक्त नवऱ्याच्या मोबाइलमधलं पैशांचं अ‍ॅप काढून टाकलं आणि सगळा व्यवहार आपल्या खात्यावर घेतला. ही गोष्ट नवराबायकोच्या पलीकडे गेली नाही, अगदी संचितालाही कळली नाही. पण उत्तमरावांच्या मनाला ती इतकी लागली की त्यांनी फसवणुकीच्या विषयावर मिळेल ते वाचून काढलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी "सावध राहा" म्हणून एक संदेश टाकायला सुरुवात केली. संदेशांनी नाव झालं. इतकं झालं की येत्या रविवारी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर त्यांचं भाषण ठेवलं होतं. सेक्रेटरी सलिलने विषयाचा फलकसुद्धा रंगवून घेतला होता: ‘मी कधीच का फसत नाही’.

तो फलक पाहिल्यापासून उत्तमरावांना नीट झोप नव्हती. सोफ्याचं कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

पाळण्यासाठी पहिला फोन आला तो सैन्यात असल्याचं सांगणाऱ्या एकाचा. वस्तू बघायला वेळ नाही, पण कोड पाठवतो, असं तो म्हणाला.

"कोड पाठवा," उत्तमराव म्हणाले, "आणि सोबत तुमच्या कमांडिंग ऑफिसरचं सहीशिक्क्याचं पत्र पाठवा. तीन प्रतींत."

फोन बंद झाला. उत्तमराव मोड्यावर बसून गालातल्या गालात हसले आणि सोफ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस?"

दुसरा फोन टिटवाळ्याहून ऋतुराज नावाच्या तरुणाचा होता. त्याला मुलगी झाली होती, रविवारी सकाळी बारसं होतं आणि पाळणा मिळत नव्हता. इथवर ठीक होतं. पण पुढे त्याने जे मागितलं त्याने उत्तमराव चपापले.

"काका, राग नका मानू, पण पाळण्याबरोबर आजचा पेपर धरून एक फोटो पाठवाल का? नाही म्हणजे, पाळणा खरंच आहे ना, ते बघायचंय."

हा तर त्यांच्याच यादीतला सातवा नियम होता! चोराने पोलिसाचा डंडा मागावा तसं त्यांना वाटलं. तरी त्यांनी पेपर धरून फोटो पाठवला आणि उलट टपाली विचारलं, "बाळ खरंच आहे कशावरून? बाळाचा फोटो पाठवा."

"नाही हो काका. बारशाच्या आधी फोटो काढायचा नाही, आई ओरडेल. नजर लागते म्हणते."

"हं," उत्तमराव म्हणाले. बाळाचा पुरावा नाही, असं त्यांनी वहीत टिपून ठेवलं.

भाव बत्तीसशेला ठरला. मग ऋतुराजने खात्री करायला म्हणून एक रुपया पाठवला आणि पाचव्या मिनिटाला त्याचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"काका, तुमचं नाव उत्तम ना? इकडे कलावती येतंय."

"ती माझी बायको."

"मग तुमच्या अकाउंटवर का नाही घेत?"

खरं उत्तर साडेअकरा हजारांचं होतं. उत्तमरावांनी घसा खाकरला. "तांत्रिक अडचण आहे."

"कसली?"

"तांत्रिक," उत्तमराव म्हणाले आणि त्यांना स्वतःलाच ते भामट्यासारखं वाटलं.

ऋतुराजही दुधाने तोंड पोळलेला होता. दिवाळीत त्याने बायकोसाठी, वर्षालीसाठी, अनोळखी माणसाकडून जुना मोबाइल मागवला होता आणि खोक्यातून फरशीचा तुकडा निघाला होता. त्यामुळे तो टिटवाळ्याच्या पुढे यायला तयार होता, पण डोंबिवलीत कुणाच्या घरी जायला तयार नव्हता. उत्तमराव डोंबिवलीच्या पुढे जायला तयार होते, पण टिटवाळ्यात कुणाच्या बिल्डिंगखाली उभं राहायला तयार नव्हते. शेवटी शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता कल्याणला, पोलीस चौकीच्या समोर भेटायचं ठरलं. दोघांनी एकमेकांना एकच गोष्ट बजावली: "तिथे सीसीटीव्ही आहे बरं का."

शुक्रवारी उत्तमरावांनी पाळणा सुटा केला आणि नग मोजले. स्टँडचे पाय दोन, आडवी दांडी एक, कड्या दोन, स्क्रूंची पिशवी एक आणि खुद्द पाळणा एक. एकूण नग सात. पाळणा त्यांनी जुन्या चादरीत बांधला आणि कार्बन घालून पावती केली: ‘माल मोजून मिळाला. नग सात. तक्रार नाही.’

शनिवारी दुपारी ते आरशासमोर उभे राहून टोपी, मास्क आणि काळा चष्मा असा जामानिमा करत होते. अनोळखी माणसाला चेहरा दाखवायचा नाही, हा नियम नववा. आतल्या खोलीत कलावतीबाईंनी चादरीच्या गाठी सोडल्या होत्या.

"अहो, ऐकलंत का? रिकामा पाळणा उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. मी आत आपला वरवंटा ठेवलाय, सान्वीची कुंची घालून. बारशाला लागतोच ना गोपाळ म्हणून. त्यांना सांगा, उद्याचं झालं की परत पाठवा. मला चटणीला लागतो."

"स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत," उत्तमराव आरशातल्या स्वतःला सांगत होते. "बँकेचा मेसेज आला पाहिजे."

"सांगाल ना?"

"हो हो. मेसेज आला की सांग."

उत्तमरावांनी तेव्हा कान दिला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या माणसाला सगळ्या जगाचं ऐकू येतं त्याला बायकोचं ऐकू येत नाही, ही काही फक्त खारकरांच्या घरची अडचण नव्हे.

साक्षीदार म्हणून शेजारचे दाजी सोबत निघाले. दाजी एकाहत्तर वर्षांचे, उत्साही आणि बेकार. त्यांच्यावर एकच काम सोपवलेलं होतं: पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रण करायचं, बोलायचं नाही.

"फक्त त्या माणसावर धर," रिक्षात उत्तमरावांनी समजावलं.

"धरतो. सोडतच नाही," दाजी म्हणाले.

पोलीस चौकीसमोर ऋतुराज आधीच हजर होता. त्यानेही मास्क आणि टोपी घातली होती. त्याचा मेहुणा जयेश टेम्पो घेऊन आला होता आणि त्याने तर हेल्मेटच काढलं नव्हतं, टेम्पो चालवत असूनही. चौघांनी एकमेकांना नमस्कार केला. चौकीच्या खिडकीतून एक पोलीस मॅडम चहा पिता पिता बराच वेळ या मंडळींकडे बघत होत्या.

नग मोजून झाले. ऋतुराजने पाय ठोकून पाहिले, कड्या वाजवून पाहिल्या, चादरीवरून पाळण्याची कड चाचपली आणि पावतीवर सही केली. मग उत्तमरावांनी खिशातून कलावतीबाईंच्या खात्याचा छापील कोड काढला.

"मी काही स्कॅन करणार नाही. तुम्ही करायचं."

"मीच करणार ना काका. देणाराच करतो."

"ते मला माहीत आहे," उत्तमराव जरा जास्तच जोरात म्हणाले.

पैसे गेले. ऋतुराजने मोबाइल दाखवला. उत्तमरावांनी मान फिरवली. "स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. घरी मेसेज आला पाहिजे." आणि त्यांनी कलावतीबाईंना फोन लावला. त्या उचलेनात. पुन्हा लावला. सहाव्यांदा फोन उचलला गेला तेव्हा पलीकडे मिक्सर घरघरत होता.

"आले का?"

"कोण?"

"पैसे!"

"थांबा, चष्मा बघते." चष्मा सापडायला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ ऋतुराज पाळण्याच्या एका बाजूने आणि उत्तमराव दुसऱ्या बाजूने चादरीचं एकेक टोक घट्ट धरून उभे होते. "हो, आले. बत्तीसशे. बरं, मी मारुतीला चाललेय, शनिवार आहे. फोन चार्जिंगला लावून जातेय."

उत्तमरावांनी टोक सोडलं. त्यांना एकदम हलकं वाटलं. वर्षभरानंतर एक व्यवहार नियमाप्रमाणे, सहीसकट पार पडला होता. उद्या भाषणात हेच सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

जयेशने पाळणा उचलला आणि तो थबकला.

"भावोजी, हे जड लागतंय यार. आत काय आहे?"

"काही नाही, पाळणा आहे," उत्तमराव म्हणाले.

जयेशने चादरीची गाठ सैल करून आत डोकावून पाहिलं. आत मऊ दुपट्यावर, लाल कुंचीत गुंडाळलेलं कुणीतरी शांत झोपलं होतं. जयेश दोन पावलं मागे सरला आणि त्याने हेल्मेटच्या आतून अशी काही आरोळी ठोकली की समोरच्या वडापावच्या गाडीवरची रांग मोडली.

"अरे, यात बाळ आहे!"

पुढच्या अर्ध्या मिनिटात पन्नास माणसं जमली. "बाळ विकतायत!" असं कुणी तरी म्हणालं. "तरीच मास्क लावलेत," असं दुसरं कुणी म्हणालं. एका बाईने "श्वास चालू आहे का बघा आधी!" म्हणून गलका केला. पोलीस मॅडम चहाचा ग्लास हातात घेऊनच धावत आल्या, गर्दी बाजूला सारून खाली वाकल्या आणि त्यांनी हळुवार हाताने कुंचीची नाडी सोडली.

आत काळा, गुळगुळीत, हातभर दगड होता.

मग ऋतुराजच्या तोंडून शब्द फुटला. त्या एका शब्दात दिवाळीपासूनचं सगळं दुःख साठलेलं होतं.

"दगड! परत दगड!"

"अहो, पण पाळणा आहे ना तुमचा!" उत्तमराव ओरडले. त्यांनी दगड उचलून डोळ्यांसमोर धरला, कारण त्यांना काही म्हणता काही उमगत नव्हतं. नग सात होते. त्यांनी स्वतः मोजले होते. स्टोअर्सचा एक जुना दंडक असा की, एक नग कमी निघाला तर चोरी समजायची, आणि एक नग जास्त निघाला तर त्याहून मोठी चोरी समजायची. तेवढ्यात जयेशने फोटो काढला. टोपी, मास्क, काळा चष्मा, एका हातात दगड आणि दुसऱ्या हातात बाळाची लाल कुंची.

मॅडमनी सगळ्यांना चौकीत घेतलं. पाळणाही आत आला.

"नाव?"

"उत्तम खारकर."

"मास्क काढा. पैसे कुणाच्या खात्यात गेले?"

"कलावती खारकर. पत्नी."

"त्या कुठे आहेत?"

"मारुतीला."

"फोन लावा."

"फोन घरी चार्जिंगला आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचं स्वतःचं खातं का नाही?"

उत्तमरावांनी शेजारी दाजींकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "तांत्रिक अडचण आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"बघा मॅडम, मला पण हेच बोललेले!" ऋतुराज उसळला. "आणि ही पावती बघा. नग सात. यात दगड कुठे लिहिलाय?"

"मॅडम, आमच्याकडे पुरावा आहे," उत्तमराव म्हणाले आणि त्यांच्या जिवात जीव आला. "दाजींनी सगळं चित्रित केलंय. पहिल्या मिनिटापासून. दाखव रे दाजी."

दाजींनी अभिमानाने मोबाइल पुढे केला. मॅडमनी चित्रण सुरू केलं. पडद्यावर दाजी होते. नाकपुड्यांच्या जरा खालून घेतलेले दाजी. मॅडमनी चित्रण पुढे ढकललं. दाजीच होते. आणखी पुढे ढकललं. दाजी शिंकत होते. मोबाइल पहिल्यापासून उलट्या कॅमेऱ्यावर होता आणि पूर्ण बेचाळीस मिनिटं दाजींनी एका मिनिटाचीही उसंत न घेता स्वतःवर पाळत ठेवली होती.

"यात तुम्हीच आहात," मॅडम म्हणाल्या.

दाजी वाकून बघायला लागले. "तरीच! मघापासून म्हणतोय, हा माणूस कुठेतरी बघितलाय."

आता उत्तमरावांना दरदरून घाम फुटला. उद्या संध्याकाळी भाषण आणि आज संध्याकाळी पोलीस चौकी. साडेअकरा हजार गेले तेव्हा निदान कुणी बघितलं नव्हतं. इतक्यात ऋतुराजचा फोन वाजला. टिटवाळ्याहून त्याची आई मनुबाई व्हिडिओ कॉलवर होती.

"कुठं हाईस रं? पालना आनलास का नाय? पाहुनी येऊन बसल्यान."

"आई, फसवलं गं मला," ऋतुराज रडकुंडीला आला होता. "परत दगड दिला. हा बघ!" आणि त्याने वरवंटा एका टोकाला धरून मोबाइलसमोर उलटा हलवला.

मनुबाईने डोळे बारीक केले. मग दोन्ही हात जोडले.

"अरं मेल्या, गोपाल हाय तो! त्याला उलटा काय धरतस? आडवा निजव आधी!"

"काय?"

"वरवंटा रं! बारशाला पालन्यात आधी कोन निजतो? ती टेबलावरची कुंचीबी बग. त्या माउलीनं रिकामा पालना धाडला नाय माज्या नातीला. आजकाल कोन करतंय एवढं? आनि तू तिला पोलिसात न्हेलास?"

ऋतुराजने वरवंटा सुलटा केला. मॅडम खुर्चीवरून उठल्या, त्यांनी टेबलावरची कुंची घेतली, झटकली आणि वरवंट्याला पुन्हा नीट घातली; नाडीची गाठही बांधली. मग ऋतुराजने तो पाळण्यात आडवा ठेवला आणि जयेशने, हेल्मेट काढून, त्याच्या डोक्याखाली दुपट्याची घडी सरकवली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"मला वाटतं, ती काहीतरी सांगत होती खरं," उत्तमराव हळूच म्हणाले. "मी आरशात होतो."

"सगळे आरशातच असतात," मॅडम म्हणाल्या. "या आता."

बाहेर आल्यावर ऋतुराज उत्तमरावांच्या पायाच पडला. वरवंटा बारशाला ठेवून घेतो आणि मग आठवणीने परत पाठवतो, असं त्याने तीनतीनदा सांगितलं. जयेश मात्र मागे घुटमळत होता.

"काका, एक मिस्टेक झाली. तुमचा तो फोटो मी मघाशीच कल्याण-डोंबिवलीच्या खरेदी-विक्री ग्रुपवर टाकलेला. ‘सावधान, पाळण्यात दगड घालून विकणारा भामटा’ म्हणून. आता डिलीट केलाय. पण लोकांनी पुढे पाठवलाय."

"किती लोकांनी?"

"शेवटचं बघितलं तेव्हा एकशे बारा."

उत्तमराव घरी पोहोचण्याआधी फोटो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचला होता. टोपी, मास्क आणि चष्म्यामुळे कुणी ओळखलं नव्हतं, ही नवव्या नियमाची कृपा. खाली सलिलने लिहिलं होतं: ‘उत्तमकाका, कसले एकेक नमुने असतात! उद्याच्या भाषणात हा हवाच.’ त्यावर एकतीस जणांनी अंगठे दाखवले होते. दाजींनीही दाखवला होता.

"दाजी, अरे, तो मी आहे!"

"हो? मास्कमध्ये कळलं नाही," दाजी म्हणाले.

त्या रात्री उत्तमरावांनी कलावतीबाईंना चौकीतलं काही सांगितलं नाही. व्यवहार उत्तम झाला, वरवंटा परत येईल, एवढंच म्हणाले आणि मोड्यावर बसून राहिले.

रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर साठेक माणसं जमली. पुढच्या रांगेत कलावतीबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. उत्तमरावांनी पिन सांगितला, कोड सांगितला, स्क्रीनशॉट सांगितला. सगळं तोंडपाठ होतं, आवाज मात्र लागत नव्हता. मग सलिलने बटण दाबलं आणि पाठीमागच्या पांढऱ्या पडद्यावर सहा फुटी भामटा उभा राहिला.

"बघा याच्याकडे," सलिल म्हणाला. "काका, असा माणूस ओळखायचा कसा?"

"उभं राहण्यावरूनच कळतं," मागून कुणी म्हणालं. "पक्का सराईत आहे."

"माझ्या माहितीतला एक असाच होता," दुसरे म्हणाले. "घरात बायकोपुढे काही चालत नसणार, म्हणून असले लोक बाहेर उद्योग करतात."

"अगंबाई!" कलावतीबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या. "ही तर आपल्या सान्वीची कुंची!"

साठ माना त्यांच्याकडे वळल्या. कलावतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. टोपीकडे, काळ्या चष्म्याकडे, त्या ओळखीच्या खांद्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पदर सावरला.

"नाही नाही," त्या म्हणाल्या. "तशीच दिसली जरा. लाल कुंच्या काय, सगळ्या सारख्याच."

जन्मात कधी खोटं न बोललेली बाई साठ माणसांसमोर आपल्यासाठी खोटं बोलली, हे उत्तमरावांनी पाहिलं. नियमांचा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ती सान्वीचीच कुंची आहे," ते म्हणाले. "आणि तो भामटा मी आहे."

मग त्यांनी पाळण्यापासून सगळं सांगितलं. चौकी सांगितली, मनुबाई सांगितली. लोक पोट धरून हसायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं, आता एवढं सांगितलंच आहे तर उरलेलंही जाऊ दे. "आणि मी कधीच फसत नाही हेही खोटं आहे. गेल्या वर्षी सोफ्याच्या नावाने माझे साडेअकरा हजार गेले. पैसे घ्यायला म्हणून मी पिन टाकला. दोनदा."

हसणं थांबलं. उत्तमराव खाली मान घालून उभे राहिले. आता कोण काय बोलतंय याची वाट बघत.

"माझे नऊ हजार," दाजी म्हणाले. "वीज तोडतो म्हणून फोन आला. घाबरून भरले. रोज सकाळी तुझा मेसेज यायचा, मग तुला कसं सांगणार?"

"माझे पाच," मागून एक बाई म्हणाल्या. "साडीचे होते. मुलाला अजून माहीत नाही."

"तेवीस," एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहून म्हणाले आणि लगेच खाली बसले.

हात वर होत गेले. सगळ्यांत शेवटी सलिलने माइक तोंडाजवळ नेला, पुन्हा दूर नेला आणि नुसत्या आवाजात म्हणाला, "माझे अठरा. मी सेक्रेटरी ना, म्हणून बोललो नाही."

सभा साडेनऊपर्यंत चालली. सहा वाजता संपणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर उत्तमरावांचा संदेश आला नाही. दाजींचा आला, मग मुख्याध्यापकांचा, आणि दोन्ही संदेश ‘काल मला एक फोन आला, खरा असेल का?’ असे होते. उत्तमराव मोड्यावरून उठून ते वाचायला लागले आणि वाचता वाचता चुकून सोफ्यावर बसले. कलावतीबाईंनी ते स्वयंपाकघरातून पाहिलं आणि चहा तिथेच आणून दिला.

बुधवारी टिटवाळ्याहून पार्सल आलं. जड होतं. अनोळखी पार्सल उघडताना चित्रण करायचं हा नियम चौथा, म्हणून दाजींना बोलावणं गेलं. दाजी या वेळी मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. उत्तमरावांनी कात्रीने चिकटपट्टी कापली, कागद बाजूला केले, आत हात घातला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की कलावतीबाई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या.

"दगड आहे!" उत्तमराव आनंदाने ओरडले. "कलावती, दगड निघाला गं! अस्सल दगड!"

कुंचीत पेढ्यांची पुडी होती आणि पाळण्यातल्या बाळाचा फोटो होता. बारसं झालं होतं, आता फोटो काढायला हरकत नव्हती. कलावतीबाईंनी वरवंटा धुतला आणि लगेच चटणी वाटायला घेतली. हा सोहळा संचिताला पाठवावा म्हणून उत्तमरावांनी दाजींच्या मोबाइलवरचं चित्रण लावलं. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दाजीच होते, पण या खेपेला ते मनापासून हसत होते.